चक्कर पुन्हा पुन्हा येत असेल तर: आधी घड्याळ, मग गोळी

डॉक्टरांना नुसतं 'चक्कर येते' एवढंच सांगितलं, की बहुतेक वेळा गोळ्यांची पट्टी हातात पडते आणि ती महिनोन्महिने चालू राहते. त्याऐवजी वहीत चार गोष्टी टिपून न्या: नेमकं काय होतं, किती वेळ टिकतं, कशाने सुरू होतं आणि तेव्हा कानात काही होतं का.

खोली गरगर फिरते, की उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना तोल जातो? या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. अंधारी येत असेल तर आधी रक्तदाब बघा. पाच मिनिटं आडवं पडून एकदा मोजा, मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर कानाआधी चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा.

गरगरत असेल तर वेळ घड्याळावर मोजा, अंदाजाने नको; गरगरताना दहा सेकंदही संपता संपत नाहीत. कूस बदलताना किंवा वर बघताना सुरू होऊन मिनिटाच्या आत थांबते ती बहुधा बीपीपीव्ही: आतल्या कानातले कॅल्शियमचे कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरलेले असतात. २० मिनिटं ते १२ तास टिकते, एका कानात दडा बसतो, आवाज येतो, ऐकू कमी येतं, तर मेनिएर या आतल्या कानाच्या आजाराचा संशय घ्यावा. ५ मिनिटं ते ७२ तास आणि सोबत उजेड-आवाज नकोसा होणं हे मायग्रेनच्या चक्करेत दिसतं. डोकं दरवेळी दुखेलच असं नाही. तीन महिन्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज तरंगल्यासारखं वाटणं, गर्दीत ते वाढणं, याला पीपीपीडी म्हणतात. झटका आला की घरच्या कुणाला तरी तुमच्या उघड्या डोळ्यांचा जवळून व्हिडिओ काढायला सांगा. बुबुळं कोणत्या दिशेला झटके देतात, यावरून तज्ज्ञाला पुष्कळ कळतं.

मानेच्या मणक्यांवर खापर फोडणं फार सोपं असतं. पन्नाशीनंतर एक्स-रेत झीज बहुतेकांनाच दिसते, चक्कर असो वा नसो.

बीपीपीव्हीचा उपाय गोळी नव्हे, एप्ली: डोकं आणि अंग ठरावीक क्रमाने वळवून ते कण नलिकेबाहेर काढण्याची कृती. कोणता कान आणि कोणती नलिका हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या, कारण ही कृती मागच्या नलिकेसाठी आहे. उजव्या कानासाठी ती अशी:

१. पलंगावर पाय लांब करून बसा. आडवं झाल्यावर खांद्यांखाली येईल अशी उशी मागे ठेवा. डोकं उजवीकडे ४५ अंश वळवा.
२. तसंच पटकन मागे पडा. डोकं उशीपलीकडे किंचित खाली झुकलं पाहिजे. गरगरणं थांबेपर्यंत आणि वर ३० सेकंद थांबा.
३. डोकं न उचलता डावीकडे ९० अंश वळवा. ३० सेकंद.
४. डाव्या कुशीवर वळा, नाक गादीकडे. ३० सेकंद.
५. हनुवटी छातीकडे ठेवून, पाय खाली सोडून हळू उठा. लगेच उभं राहू नका.

फसते ती बहुतेक दुसऱ्या पायरीवर: उशी डोक्याखाली जाते आणि डोकं मागे झुकतच नाही. मानेचं गंभीर दुखणं किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर घरी करू नका.

प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन यांसारख्या गोळ्या तीव्र झटक्यात दोन-तीन दिवस ठीक. पुढे त्या मेंदूला तोल नव्याने शिकू देत नाहीत, आणि वयस्कर माणसांत हातपाय कापणं, हालचाली मंदावणं असे कंपवातासारखे त्रास आणू शकतात. बरेच दिवस घेत असाल तर डॉक्टरांना विचारूनच बंद करा.

जुन्या चक्करेत खरा आधार व्यायामाचा. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक अक्षर चिकटवा, हातभर अंतरावर उभे राहा. नजर अक्षरावर ठेवून डोकं डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवा. वेग इतकाच, की अक्षर स्पष्ट राहील. आधी ३० सेकंद, मग एक-दोन मिनिटं, नंतर वर-खाली. दिवसात तीन ते पाच वेळा मिळून हळूहळू २० मिनिटांपर्यंत न्या. थोडं गरगरलं पाहिजे, त्याशिवाय उपयोग नाही; पण ते १५-२० मिनिटांत शमलं नाही तर वेग कमी करा. तोलासाठी खोलीच्या कोपऱ्यात, समोर खुर्ची ठेवून, पाय जुळवून उभे राहा. जमलं की डोळे मिटून.

घरात रात्रीचा मंद दिवा आणि न्हाणीघरात धरायला कठडा हवाच. झटके आटोक्यात येईपर्यंत शिडी, वाहन आणि एकट्याने पोहणं बंद.

बोलणं अडखळणं, दोन-दोन दिसणं, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळे पडणं, अजिबात उभं न राहता येणं किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, यातलं काहीही चक्करेसोबत अचानक आलं तर थेट इमर्जन्सीत जा. एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे. स्टेरॉइडचा फायदा लवकर सुरू केलं तरच.

सहा ते आठ आठवडे नेमाने व्यायाम करूनही फरक नसेल तर व्यायाम वाढवत बसू नका, निदान पुन्हा तपासायला सांगा.