घरचा कॉम्प्युटर बंद करताना बोर्डाच्या बटणाची घाई नको

फाइली सेव्ह करा, ब्राउझर बंद करा, पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल तर ‘इजेक्ट’ देऊन काढा. मग स्टार्ट, पॉवर, शट डाउन. एवढं सगळ्यांना येतं.

त्याआधी डेस्कटॉपवर राइट क्लिक करून पाच-सहा वेळा रिफ्रेश मारायची सवय मात्र सोडा. त्याने मेमरी साफ होत नाही की मशीन हलकं होत नाही. डेस्कटॉपवरचे आयकॉन पुन्हा दाखवले जातात, बस्स. कोणी शिकवलं माहीत नाही, पण घरोघरी चालतं.

शट डाउन दिल्यावर एखाद्या प्रोग्रॅमचं नाव आणि ‘शट डाउन एनीवे’ असं बटण दिसलं, तर ते दाबू नका. कॅन्सल करून मागे जा. बहुतेक वेळा सेव्ह करायची राहिलेली वर्डची नाहीतर एक्सेलची फाइल तिथे वाट बघत असते.

आता खरं काम. पडदा काळा होतो आणि लोकांचा हात लगेच बोर्डाकडे जातो. हीच चूक. मॉनिटर आधी विझतो, कॉम्प्युटर नंतर बंद होतो. खाली वाकून सीपीयूच्या डब्याकडे बघा: पंखा फिरत असतो, पॉवरचा दिवा लागलेला असतो आणि शेजारचा हार्ड डिस्कचा छोटा दिवा लुकलुकत असतो. मेमरीत असलेलं काम तेव्हा डिस्कवर उतरत असतं. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. त्यात विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती एका मोठ्या फाइलमध्ये लिहून ठेवतं, म्हणजे सकाळी लवकर सुरू होता येतं. ते लिहिणं चालू असताना वीज तोडली, तर फाइल अर्धवट राहते. पंखा थांबला, दिवे गेले, की मग बोर्ड.

अपडेट चालू असेल तर ही घाई फार महागात पडते. माझ्या हातून एकदा झालंय. दिवाळीला गावी निघालो होतो, रिक्षा खाली उभी, आणि पडद्यावर टक्केवारी तीसच्या आसपास अडकलेली. कॉम्प्युटर बंद करू नका, असं पडद्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. ओळखीतल्या एकाने पूर्वी सांगितलं होतं, ‘अडकला की सरळ बोर्ड बंद कर, काही होत नाही.’ मी केला. परत आल्यावर मशीन सुरूच होईना, दर वेळी दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर जाऊन थांबायचं. शेवटी सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकलं. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली सी ड्राइव्हवरच असतात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आईने सांगितलेल्या आणि मी टाइप केलेल्या तिच्या पाककृती त्यात गेल्या. त्या पुन्हा सांगायला आई नव्हती.

म्हणून कळकळीने सांगतो: टक्केवारी थांबली म्हणजे कॉम्प्युटर अडकला असं नाही. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर मोठं अपडेट तासभरही घेतं. एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या नव्या प्रकारच्या डिस्कवर, बरंच लवकर उरकतं. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर हात लावू नका. दिवा अर्धा-पाऊण तास निपचित असेल, तर कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागला-विझला तर मशीनमध्ये जीव आहे, आणखी थांबा. त्यालाही प्रतिसाद नसेल तरच सीपीयूचं पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा. नुसतं टिचकीसारखं दाबून उपयोग नाही. हा शेवटचा उपाय, रोजची पद्धत नव्हे. बाहेर जायचं असेल तर अपडेट चालू ठेवून खुशाल जा, शट डाउन दिलेलं असेल तर काम झाल्यावर मशीन आपोआप बंद होतं.

लाइट गेली आणि यूपीएस (वीज गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर कॉम्प्युटर चालवणारा डबा) ओरडायला लागला, तर हातातलं पत्र पूर्ण करत बसू नका. घरगुती ६०० व्हीए क्षमतेचा छोटा यूपीएस काम चालू ठेवण्यासाठी नसतो, नीट बंद करता यावं म्हणून असतो. बॅटरी नवी असेल तर दहा-पंधरा मिनिटं धरा, जुनी असेल तर दोन-तीनही मुश्कील. अशा वेळी ‘अपडेट अँड शट डाउन’ आणि साधं ‘शट डाउन’ असे दोन पर्याय दिसले, तर साधं निवडा. अपडेट आधीच सुरू झालं असेल तर मॉनिटर त्याच्या बटणाने बंद करा. तेवढाच भार कमी होऊन सीपीयूला जास्त वेळ मिळतो. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच लावू नका, तो सुरू होताना फार वीज ओढतो.

कॉम्प्युटर विचित्र वागतोय म्हणून बंद करून पुन्हा चालू केला आणि फरक पडला नाही, असं झालंय ना? फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउनमध्ये तो गाभा तसाच जपून ठेवला जातो. अशा वेळी रीस्टार्ट द्या, त्यात सगळं खरंच नव्याने सुरू होतं. आणि डबा उघडून रॅम बसवायची किंवा डिस्क काढायची असेल, तर शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा, म्हणजे पूर्ण बंद होईल. मग वायर भिंतीतून काढा आणि त्यानंतरच स्क्रूला हात लावा.

पावसाळ्यात विजा कडकडत असतील तर बोर्डाचं बटण बंद करून भागत नाही. कॉम्प्युटर नीट बंद झाल्यावर पिन काढा, राउटरची पिनही काढा, आणि इंटरनेट तांब्याच्या केबलने येत असेल तर ती केबलसुद्धा.