काचेच्या बरण्या पार्सलने पाठवताना: झाकणापासून टेपपर्यंत

खोक्यावर लाल अक्षरात ‘काच आहे, जपून हाताळा’ लिहिलं म्हणून बरणी वाचत नाही. कुरियरच्या हबमध्ये पट्ट्यावरून येणारा खोका उतारावरून घरंगळतो, त्याच्यावर दुसऱ्याचं जड पार्सल येऊन आदळतं, आणि टेम्पोत तो कुठल्या थरात जाईल ते रिकाम्या जागेवर ठरतं. म्हणून पॅकिंग करताना एवढं धरून चाला, की हा खोका टेबलाच्या उंचीवरून एकदा तरी पडणार आणि तोही कोपऱ्यावर. स्टिकर लावायचं तर लावा, पण त्याच्या भरवशावर बबल रॅपचा एक वेढाही कमी करू नका.

घरगुती लोणची, तूप, मसाले विकणाऱ्यांची नेहमीची ऑर्डर उदाहरणाला घेऊ : ४०० ग्रॅम लोणच्याच्या चार काचेच्या बरण्या. बरणीचा व्यास ८ सेंमी, उंची १३ सेंमी, रिकाम्या बरणीचं वजन साधारण २५० ग्रॅम. तुमची बरणी वेगळी असेल तर आकडे बदला, हिशेबाची पद्धत हीच.

आधी झाकण

बरणी शाबूत पोचते आणि तरीही गिऱ्हाईक तक्रार करतं, कारण अख्ख्या खोक्याला तेल लागलेलं असतं. फुटण्याइतकाच गळण्याचा बंदोबस्त करावा लागतो, आणि तो खोक्यात नाही, बरणी भरतानाच होतो.

बरणी काठोकाठ भरू नका. अर्धा लिटर तेल २० अंशांनी तापलं की जवळपास ७ मिली वाढतं. सकाळी थंड खोलीत भरलेली बरणी दुपारी बंद टेम्पोत एवढी सहज तापते, आणि आत जागा नसेल तर वाढलेलं तेल झाकणाखालून वाट काढतं. वर एक ते दीड सेंमी मोकळी जागा ठेवा. पार्सल विमानाने जाणार असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण उंचीवर बाहेरचा दाब कमी होतो आणि आतली हवा झाकणाला बाहेर ढकलते.

झाकण लावण्याआधी बरणीची कड कोरड्या कापडाने स्वच्छ पुसा. कडेवर तेलाचा ओघळ राहिला की झाकण घट्ट बसल्यासारखं वाटतं आणि प्रवासातल्या हादऱ्यांनी हळूहळू सैल होतं. काचेच्या बरणीला आतून रबरासारखं अस्तर असलेलं लग कॅपच (कडेला आतून दात असलेलं, थोडं फिरवून बसणारं पत्र्याचं झाकण) घ्या आणि घेताना ते तेलकट पदार्थांसाठी चालतं ना, हे विचारून घ्या. एकदा वापरलेलं झाकण पुन्हा लावू नका, कारण अस्तरावर जुन्या कडेचा खोलगट ठसा पडलेला असतो. फार जोरात आवळायचीही गरज नाही. जास्त पिळलं तर झाकणाचे दात काचेच्या आट्यांवरून निसटतात.

मग झाकण आणि काच यांच्या सांध्यावर टेपचा एक वेढा द्या. तो झाकण बंद होतं त्याच दिशेने, ताणून. उलट दिशेने ताणलेली टेप झाकण उघडायलाच मदत करते. श्रिंक बँड (गरम केल्यावर आक्रसून झाकणाभोवती घट्ट बसणारी प्लास्टिकची पट्टी) वापरत असाल तर टेप नको.

नवीन झाकण किंवा नवी बरणी आणली की त्यातल्या चार-पाच तेलासकट भरा, बंद करा आणि तपकिरी कागदावर २४ तास उलट्या ठेवा. पाण्याने ही परीक्षा घेऊ नका, पाणी जिथे अडतं तिथून तेल झिरपतं. कागदावर डाग दिसला तर तो लॉट पार्सलसाठी वापरायचा नाही.

तुपाचं थोडं वेगळं आहे. पातळ भरलेलं तूप लगेच पॅक केलं तर गळण्याचा धोका सगळ्यात जास्त. भरून एक दिवस थिजू द्या, मगच खोक्यात. उन्हाळ्यात ते वाटेत वितळणारच, म्हणून वरची मोकळी जागा तिथेही हवी.

शेवटी प्रत्येक बरणी स्वतंत्र प्लास्टिक पिशवीत, निदान ५० मायक्रॉनच्या, हवा काढून तोंड बांधून. एक बरणी दगावली तरी बाकीच्या तीन, बिल आणि खोका कोरडे राहतात.

खोका

काचेसाठी ५ प्लाय, म्हणजे कागदाच्या पाच थरांच्या पुठ्ठ्याचा खोका. ३ प्लाय कपडे, मसाल्याची पाकिटं, चिवड्याच्या पिशव्या यांना पुरतो. खोकेवाल्याकडे नुसतं ‘मजबूत द्या’ म्हणू नका, कागदाचं जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) आणि बीएफ (बर्स्ट फॅक्टर, म्हणजे फुटण्याआधी कागद किती दाब सोसतो त्याचं माप) विचारा. १५० जीएसएम, १८ बीएफचा क्राफ्ट (चिवट तपकिरी) कागद या वजनाला चांगला. पुठ्ठ्यातल्या लाटा उभ्या असायला हव्यात. त्या आडव्या असतील तर वरचं वजन पडताच बाजू बसते. अंगठ्याने कडेवर दाबून बघा, खड्डा पडून तसाच राहिला तर तो पुठ्ठा दमट आहे किंवा हलक्या कागदाचा.

किराणा दुकानातून आणलेले बिस्किटांचे, साबणांचे खोके फुकट मिळतात, पण एकदा घडी पडलेल्या कोपऱ्यात निम्मा जीव उरत नाही, आणि खोक्यावरचा भार मुख्यतः कोपरेच पेलतात. शिवाय साबणाचा वास लोणच्याच्या गिऱ्हाइकाला चालत नाही.

पावसाळ्यात, त्यातही कोकणपट्टीत, पुठ्ठा हवेतलं पाणी ओढून मऊ पडतो. खोके जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. फळीवर ठेवा, वर प्लास्टिक घाला आणि महिन्याला लागतील तेवढेच आणा. जून ते सप्टेंबर तयार खोका बाहेरून कुरियर बॅगेत घालून पाठवा.

माप आणि भाड्याचा हिशेब

इथे पुष्कळ जण एकतर काच फोडतात किंवा नफा. कुरियर खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त त्यावर भाडं लावतो. लांबी × रुंदी × उंची सेंमीत, भागिले ५०००, उत्तर किलोत. काही कंपन्यांचा भाजक वेगळा असतो, तो दरपत्रकात बघून घ्या. माप खोक्याचं बाहेरून घेतात आणि वजन बहुतेक ठिकाणी अर्ध्या किलोच्या टप्प्याने वर ओढतात.

चार बरण्या प्रत्येकी दोन वेढे जाड बबल रॅपमध्ये गुंडाळून, चहूबाजूंनी ३ सेंमी भरण ठेवून पॅक केल्या तर आतलं माप ३०×३०×२३ होतं. ५ प्लायची जाडी धरून बाहेरून ते ३१.५×३१.५×२५.५ भरतं. आकारमानाचं वजन ५.०६ किलो, म्हणजे भाडं साडेपाच किलोचं. खरं वजन मात्र सव्वातीन किलोच्या आसपास.

तेच बरण्यांच्या मध्ये पुठ्ठ्याची फुली (एकमेकींत अडकवलेल्या दोन उभ्या पट्ट्या, ज्यांनी खोक्याचे चार खण होतात) घातली तर प्रत्येक बरणीला एकच वेढा पुरतो, कारण काच काचेवर आपटण्याची भीतीच उरत नाही. आतलं माप २६×२६×२०, बाहेरून २७.५×२७.५×२२.५, आकारमानाचं वजन ३.४ किलो. खरं आणि आकारमानाचं दोन्ही साडेतीनच्या आत. दोन किलोचं भाडं वाचलं आणि पॅकिंग उलट जास्त भक्कम झालं. फुलीची किंमत या फरकापुढे काहीच नाही. भरणात पैसे घालण्याआधी फुलीत घाला.

या मापात काच आणि खोक्याची भिंत यांच्यात साडेतीन सेंमी गादी राहते. एकेक बरणी किलोच्या पुढे जात असेल तर ती ५ सेंमी करा आणि हिशेब पुन्हा मांडा.

भरण्याचा क्रम

खोक्याचा तळ आधी टेपने बंद करा आणि आत २.५ सेंमीची गादी घाला : चुरगळलेला क्राफ्ट कागद, हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार) कागद किंवा काथ्या. भातशेतीच्या भागात पेंढा स्वस्त पडतो आणि आंब्याच्या पेट्यांत तो पूर्वापार चालतो, पण खाद्यपदार्थांच्या बरण्यांभोवती घालायचा तर पूर्ण वाळलेला हवा. ओलसर पेंढ्याला दोन दिवसांत बुरशीचा वास येतो. वर्तमानपत्र भरणाला चालतं, मात्र ते लवकर चेपतं, म्हणून दुप्पट घट्ट भरावं लागतं. उघड्या खाद्यपदार्थाला ते लागता कामा नये, अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत त्याला मनाई आहे.

१० मिमी फुगे असलेल्या बबल रॅपचा २५×३५ सेंमीचा तुकडा प्रत्येक बरणीला लागतो. फुगे आतल्या बाजूला. ३५ सेंमीची बाजू बरणीभोवती एक वेढा घेऊन ४ सेंमी चढते. खाली-वर सहा-सहा सेंमी उरतात ते तळावर आणि झाकणावर दुमडून टेप लावा. तळाला आपोआप दोन-तीन थर होतात, आणि तिथेच ते हवे असतात.

फुली ठेवा, बरण्या उभ्या घाला. फुलीची उंची गुंडाळलेल्या बरणीपेक्षा अर्धा सेंमी जास्त हवी. तशी असली की वरचा भार फुली घेते. फुली ठेंगणी असेल तर तोच भार झाकणांवर येतो आणि झाकण मधोमध दबलं की सील सुटतं. बाजूच्या फटींत कागद बोटाने ठासा, विशेषतः चारही कोपऱ्यांत. वर एक पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर दोन सेंमी भरण.

आता खोका बंद करून टेप न लावता दोन्ही हातांत धरून जोरात हलवा. आतून काहीही सरकल्याचा आवाज आला तर उघडा आणि आणखी भरा. पण फ्लॅप फुगून वर आले असतील तर भरण जास्त झालंय. असा खोका रचता येत नाही आणि टेप कायम ताणात राहते.

टेप आणि लेबल

४८ मिमी रुंद, किमान ४० मायक्रॉनची बीओपीपी टेप (नेहमीची प्लास्टिकची पॅकिंग टेप). मधल्या सांध्यावर एक लांब पट्टी, दोन्ही टोकांना आडव्या पट्ट्या, वर आणि खाली दोन्हीकडे. प्रत्येक पट्टी कडेवरून खाली ५ ते ७ सेंमी उतरली पाहिजे. नुसत्या मधल्या पट्टीवर पाठवलेल्या खोक्याचा फ्लॅप टोकाकडून उचकटतो. पुठ्ठ्यावर धूळ किंवा ओल असेल तर टेप चिकटल्यासारखी दिसते आणि तासाभरात सुटते, म्हणून लावण्याआधी कोरडं फडकं फिरवा आणि लावल्यावर तळहाताने घासा.

लेबल सगळ्यात मोठ्या सपाट बाजूवर, सांध्यावर किंवा कडेवर नाही. थर्मल प्रिंटरच्या लेबलवर पारदर्शक टेप लावू नका. टेपच्या चिकटद्रव्याने छपाई पुसट होते, शिवाय चकाकीमुळे बारकोड वाचला जात नाही. पावसाची काळजी असेल तर पारदर्शक पाकिटात घाला. पत्ता, पिनकोड आणि फोन नंबर लिहिलेली दुसरी चिठ्ठी खोक्याच्या आतही ठेवा. बाहेरचं लेबल फाटलं तर पार्सल परत यायला तेवढाच आधार. बरणीवर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक, निव्वळ वजन, एमआरपी, तारीख आणि तक्रारीसाठी संपर्क हवाच.

खोका काट्यावर ठेवून वजनाचा आणि मापपट्टी लावून तिन्ही बाजूंचा फोटो काढा. कुरियरने वाढीव वजनाचं बिल लावलं तर फोटोशिवाय कोणी ऐकत नाही.

लोणच्यापलीकडचा माल

चकली आणि कडबोळी बाहेरच्या धक्क्याने कमी, आतल्या आत हलून जास्त मोडतात. पिशवीत नकोच. कडक डब्यात थर लावा, वर बटर पेपरचा बोळा ठेवून झाकणापर्यंत जागा भरून काढा. लाडू एकेक कागदी वाटीत. पणत्या आणि ताटल्या आडव्या रचू नका, उभ्या कडेवर ठेवा, मध्ये पुठ्ठा.

साडीला खोक्यापेक्षा कात्रीचं भय. गिऱ्हाईक घाईने ब्लेड फिरवतं आणि पदर कापला जातो, त्यासाठी सर्वांत वर एक पुठ्ठा ठेवला की काम भागतं.

शाडूच्या मूर्तीला बबल रॅप थेट लावू नका. रंग पूर्ण सुकलेला नसेल तर फुग्यांचे गोल ठसे उमटतात. आधी मऊ टिश्यू कागद किंवा मलमल. सोंड आणि छाती यांच्यातली, हात आणि कान यांच्या मागची पोकळी त्याच कागदाने हलक्या हाताने भरा, म्हणजे बाहेरून आलेला दाब सुट्या अवयवावर न पडता धडावर जातो. नंतर बबल रॅप, एक खोका, आणि तो खोका चहूबाजूंनी ५ सेंमी भरण घालून दुसऱ्या खोक्यात.

पाडून बघा

नवीन पॅकिंग ठरवलं की विकण्याआधी एक नमुना पाडा. साडेनऊ किलोपर्यंतच्या पार्सलला इस्टाच्या (पॅकिंगच्या चाचण्या ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) १ए चाचणीत ७६ सेंमी उंची असते, म्हणजे जेवणाच्या टेबलाएवढी. दहा वेळा पाडायचं : एकदा खोक्याच्या जोडाजवळच्या खालच्या कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर, मग सहाही बाजूंवर. खाली कडक फरशी हवी, सतरंजी नाही.

उघडल्यावर आणि पुढे गिऱ्हाइकाने फोटो पाठवल्यावरही, काच कुठे फुटली ते बघा. बुंधा उडाला असेल तर तळाची गादी चेपली आहे. बाजूला तडा आणि शेजारच्या बरणीलाही त्याच उंचीवर तडा, म्हणजे फुली नव्हती किंवा फाटली. एकच बरणी, खोक्याच्या कोपऱ्यातली, फुटली तर कोपऱ्यात भरण ठासलेलं नव्हतं. काच शाबूत पण झाकण दबलेलं असेल तर फुली ठेंगणी आहे. सगळं जागच्या जागी असून फक्त तेल बाहेर आलं असेल तर खोक्यात काही बदलू नका, झाकणांचा लॉट तपासा.