तिकिटावरचे ६ तास आणि खरे २४ तास: आई-बाबा अमेरिकेला निघण्याआधीची तयारी

आमच्या बाबांनी तिकीट बघितलं, मुंबईहून रात्री १:३० ला सुटतं आणि न्यूयॉर्कला सकाळी ७:३० ला पोचतं, आणि फोनवर म्हणाले अगं सहाच तास, मग एवढी तयारी कशाला! तर पहिलं काम हेच, दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या असतात हे घरात सगळ्यांना समजावून सांगा. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यामागे साडेनऊ तास (हिवाळ्यात साडेदहा), म्हणजे सहा अधिक साडेनऊ, साडेपंधरा तास विमानात बसायचंय. अंतर साधारण १२,५५० किलोमीटर, तेही सगळ्यात जवळच्या वाटेनं, आणि ती वाट नकाशावर पट्टी ठेवून दिसत नाही, नातवाच्या पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, तो थेट नॉर्वे-आइसलँडच्या बाजूनं वर जातो. प्रत्यक्षात बंद हवाई हद्दी टाळायच्या म्हणून विमान वळसा घेतं, तेव्हा तास-दीड तास इकडेतिकडे धरूनच चाला. परतीला मागून वारा मिळतो त्यामुळे बहुतेक वेळा थोडं लवकर पोचतात.

आता तारीख, आणि इथेच लोक फसतात. तिकिटावर १० मे रात्री १:३० असेल तर ९ तारखेच्या संध्याकाळीच पुण्यातून निघायचं, कॅलेंडरवर ९ ला गोल करा, १० ला नाही. आमच्या ओळखीतले एक काका दुसऱ्या रात्री बॅगा घेऊन एअरपोर्टवर हजर झाले होते, विमान जाऊन २४ तास झालेले. पुण्याहून पाचला निघा, घाटात अडकलात तरी दहापर्यंत टर्मिनल २ ला पोचता, आणि मग हिशोब करा, पाचला दार ओढलं ते विमान उतरेपर्यंत बरोबर चोवीस तास. दुबईवरून गेलात तर याहून जास्त.

गोळ्या या चोवीस तासांच्या हिशोबानं, घड्याळाच्या नाही. बीपीची सकाळची गोळी नक्की कधी घ्यायची, इन्सुलिनचं काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून घ्या. सगळी औषधं प्रिस्क्रिप्शनसकट हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये अजिबात नको. पाय सुजतात म्हणून आइल सीट घ्या आणि दर दोन तासांनी उठून चक्कर मारा, आई म्हणते लोकांना त्रास कशाला, पण होऊ दे त्रास. व्हीलचेअर हवी असेल तर आधीच एअरलाइनला सांगून नोंदवून ठेवा, इमिग्रेशनची लांब रांग उभ्यानं काढायची गरज नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच.

खाण्याचं म्हणाल तर लोणचं आणि गोडा मसाला चेक-इनमध्ये, डबल पिशवीत, वर टेप (मागच्या खेपेला तेल थेट पैठणीवर गेलं, आई अजून बोलून दाखवते). सुकं खोबरं नको, त्यात तेल असतं म्हणून विमानाच्या नियमांत ते धोकादायक मालात मोडतं. मे महिना असला तरी हापूस पण नको, कस्टमला काढून घेतात, डोळ्यादेखत कचऱ्यात. खायचं काही आहे का विचारलं तर सरळ हो म्हणायचं आणि दाखवायचं.

शेवटी मुलाचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा, कारण उतरल्या उतरल्या फोनला रेंज मिळेलच असं नाही.