कथेचा मधला भाग लटकतो, तो कसा बांधायचा

कल्पना सुचलीये, पात्रं डोक्यात आहेत, हे धरून चालते. आणि आधी तो त्रिकोण विसरा. कथालेखनाचा कुठलाही व्हिडिओ लावा, पाच मिनिटांच्या आत तो चढणीचा-उतरणीचा त्रिकोण येतोच. गुस्ताव फ्रायटाग नावाच्या जर्मन लेखकाने १८६३ मध्ये पाच अंकी नाटकांसाठी तो मांडला, समोर ग्रीक आणि शेक्सपिअरच्या शोकांतिका ठेवून. तुम्हाला लिहायचीये दिवाळी अंकासाठी अडीच हजार शब्दांची कथा, त्यात पाच अंक कोंबायला गेलात तर नुसता सारांश हातात येईल.

एकच उदाहरण धरून जाऊया. सुनंदा भाऊबीजेला माहेरी आलीये आणि भावाला तिच्याकडून शेतजमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही हवीये.

१. शेवट आधी ठरवा. एका वाक्यात. सही करते की नाही, आणि ते करून तिचं काय जातं. नंतर बदललात तरी चालेल, पण काहीतरी ठरलेलं पाहिजे.

२. सुरुवात शेवटाच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्या. एसटीचा प्रवास, खिडकीतून दिसणारं गाव, फाट्यावर उतरणं, सगळं उडवा. ओवाळून झालंय, भाऊ ताटात साडी ठेवतो आणि साडीखाली प्लास्टिकची फाइल आहे. इथून सुरू.

३. आता मधला भाग. कथा मरतात त्या इथेच, आणि मलाही सगळ्यात जास्त छळलंय ते यानेच, कारण सुरुवात सुचते, शेवट सुचतो आणि मधे काय घालायचं म्हणून माणूस आठवणी घालत सुटतो. आंब्याचं झाड, आईच्या हातची पुरणपोळी, लहानपणी भावाने सायकलवर डबलसीट नेलेलं. प्रत्येक प्रसंग वाचायला गोड असतो आणि प्रत्येक प्रसंग तेच सांगतो की बिचारी सुनंदा आणि बदललेला भाऊ. वाचक दुसऱ्या आठवणीलाच पुढचं पान उलटतो.

तपासायची सोपी रीत आहे. मधले प्रसंग वेगवेगळ्या कागदांवर एकेका ओळीत लिहा आणि त्यांची अदलाबदल करा. काहीच बिघडलं नाही तर तुमच्याकडे कथा नाहीये, अल्बम आहे.

मग करायचं काय, तर प्रत्येक प्रसंगात सुनंदाकडून असं काहीतरी घडू द्या जे तिला मागे घेता येणार नाही, आणि त्याची किंमत पुढच्या प्रसंगात वसूल करा. म्हणजे असं, फाइल बघून ती सगळ्यांसमोर हसत म्हणते, "करते की सही, त्यात काय एवढं." शब्द दिला गेला. रात्री भांडी आवरताना वहिनी बोलून जाते की जमिनीचा व्यवहार ठरलाय, भावाने इसारही घेतलाय. आता सुनंदाला गप्प बसवत नाही, सकाळी चहा घेताना ती विचारते, "कितीला दिली रे?" झालं, हा प्रश्न एकदा तोंडातून गेला की भाऊबहीण आधीसारखे राहत नाहीत. भाऊ कप खाली ठेवतो आणि म्हणतो, "तुझ्या लग्नाचं कर्ज कुणी फेडलं ताई?"

बघा आता अदलाबदल करून. वहिनीचं बोलणं शेवटी टाका, किमतीचा प्रश्नच उभा राहत नाही. आधी शब्द दिलेला नसेल तर किंमत विचारण्यात लाजण्यासारखंही काही उरत नाही.

आणखी एक बघा, ते लग्नाचं कर्ज फ्लॅशबॅक म्हणून दोन पानं लिहायचा मोह होईल. नका लिहू. भावाच्या तोंडून टोमणा म्हणून आलं की भूतकाळही कळतो आणि त्याच वेळी भांडणही पुढे सरकतं. कायद्याचंही तेच. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क आहे, हे लेखकाला पक्कं माहीत हवं, नाहीतर भाऊ सहीसाठी एवढा अडलाय का तेच समजणार नाही. पण त्याचा परिच्छेद कथेत आला की ती कथा राहत नाही, वकिलाचा सल्ला होतो. "तुझ्या सहीशिवाय खरेदीखत होत नाहीये गं," एवढं वहिनी म्हणाली की पुरे.

आणि भावाला खलनायक करू नका, प्लीज. कर्ज त्याने खरंच फेडलेलं असू दे. वाचकाला दोघांचंही पटलं तरच पुढे काय होणार याचा घोर लागतो. एकाचंच बरोबर असेल तर शेवट पहिल्या पानावरच कळलेला असतो, मग तुम्ही भाषा कितीही सजवा.

मधेच अडकलात की ट्विस्ट शोधायला जाऊ नका. ट्रंकेत आईचं मृत्युपत्र सापडणं, खरेदीदार म्हणजे सुनंदाचा जुना वर्गमित्र निघणं, असल्या गोष्टींनी लेखक सुटतो आणि सुनंदाचा निर्णय तिच्या हातातून निघून जातो. अडकलात तर एक प्रसंग मागे जा, तिथे तिने काहीच केलेलं नसतं असं बहुतेक वेळा निघतं.

४. शेवट. दुय्यम निबंधक कार्यालय, पंख्याचा आवाज, साहेब मान वर न करता विचारतात, "स्वखुशीने देताय ना?" तिचं उत्तर आणि बंद. परतीचा प्रवास नको, डोळ्यातलं पाणी तर नकोच.

५. मोठ्याने वाचा, जिथे स्वतःलाच कंटाळा येतो ते कापा. अडीच हजारांत सुरुवातीला चारशेच्या वर शब्द गेले असतील तर आधी तिथेच कात्री लावा.

शीर्षक सगळं झाल्यावर द्या. फक्त "हक्कसोड" देऊ नका, फाइलमध्ये काय आहे ते वाचकाला भावाच्या आधी तुम्हीच सांगून टाकाल.