उंचीच्या मापांवरून संभाव्यता कशी काढावी

प्रौढ व्यक्तींची उंची मोठ्या संख्येने मोजली, तर बहुतेक मापे सरासरीभोवती दाटलेली आणि दोन्ही बाजूंना सारखीच विरळ होत गेलेली दिसतात. या घंटाकृती रचनेला प्रसामान्य वितरण म्हणतात. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केतले यांनी १८४६ मध्ये ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या घेराची मापे याच वक्राशी ताडून पाहिली होती.

आकडेमोडीआधी गट एकजिनसी आहे का, हे तपासावे. माझ्या मते सर्वाधिक चुका येथेच होतात. स्त्रिया आणि पुरुष यांची उंची एकत्र केली, तर एकच सरासरी आणि एकच प्रमाण विचलन (मापे सरासरीपासून साधारणपणे किती दूर पसरली आहेत, ते दाखवणारा आकडा) त्या मिश्रणाचे नीट वर्णन करीत नाही. वजनाचा वक्र तर बहुधा उजवीकडे लांबलेला असतो, त्यामुळे ही पद्धत त्याला जशीच्या तशी लावू नये.

समजा, प्रौढ पुरुषांच्या एका गटाची सरासरी उंची १६८ सेंमी आणि प्रमाण विचलन ६ सेंमी आहे. यादृच्छिक रीतीने निवडलेला पुरुष १७७ सेंमीपेक्षा उंच असण्याची संभाव्यता हवी असेल, तर १७७ मधून १६८ वजा करून बाकीला ६ ने भागावे. मिळालेले १.५ हे झेड-मूल्य, म्हणजे माप सरासरीपासून किती प्रमाण विचलने दूर आहे तो आकडा, होय. प्रसामान्य वितरणाच्या सारणीत त्यासमोर ०.९३३२ सापडते, पण हे वक्राखालचे डावीकडचे क्षेत्रफळ, म्हणजे उंची १७७ सेंमीपर्यंत असण्याची संभाव्यता, आहे आणि आपल्याला उजवीकडचे हवे आहे, म्हणून ते १ मधून वजा करून ०.०६६८, म्हणजे सुमारे ६.७ टक्के, हे उत्तर येते. दरवेळी वक्राची कच्ची आकृती काढून हवा तो भाग छायांकित करावा, म्हणजे बाजूंची गल्लत होत नाही.

दोन मापांमधील संभाव्यतेसाठी डावीकडची क्षेत्रफळे एकमेकांतून वजा करावीत. १६५ ते १७४ सेंमीसाठी झेड-मूल्ये -०.५ आणि १ येतात, म्हणून ०.८४१३ मधून ०.३०८५ वजा केल्यावर ०.५३२८ उरते.

‘उंची नेमकी १७० सेंमी असण्याची संभाव्यता किती?’ या प्रश्नाचे काटेकोर उत्तर शून्य आहे, कारण एका बिंदूवर क्षेत्रफळच नसते. तथापि, पूर्ण सेंमीत नोंदलेले १७० हे माप प्रत्यक्षात १६९.५ ते १७०.५ या पट्ट्याचे प्रतिनिधित्व करते आणि त्या पट्ट्याची संभाव्यता सुमारे ०.०६३ आहे.

उलट दिशेनेही जाता येते. सर्वांत उंच ५ टक्के पुरुषांची सीमा हवी असल्यास झेड-मूल्य १.६४५ घ्यावे, त्याला ६ ने गुणून गुणाकार १६८ मध्ये मिळवावा. सीमा सुमारे १७७.९ सेंमी येते.

प्रश्न एका व्यक्तीचा आहे की सरासरीचा, हेही नीट वाचावे. यादृच्छिक रीतीने निवडलेल्या नऊ पुरुषांची सरासरी उंची १७० सेंमीपेक्षा जास्त असण्याची संभाव्यता काढताना ६ ला ९ च्या वर्गमुळाने भागून २ हे विचलन वापरावे लागते. तेव्हा झेड-मूल्य १ आणि संभाव्यता ०.१५८७ येते, एकाच पुरुषासाठी मात्र ती सुमारे ०.३७ असते.