दत्तक बाळाचं नाव कागदोपत्री कसं बदलायचं

नवीन नाव दत्तकाचा आदेश निघायच्या आधीच पक्कं करा, बाकी सगळं त्यावरच चालतं. काराच्या (दत्तकाचं काम बघणारं केंद्र सरकारचं प्राधिकरण) पोर्टलवरून दत्तक संस्थेतलं मूल घेताय तर १ सप्टेंबर २०२२ पासून आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, आणि अर्ज संस्थाच जिल्हा बाल संरक्षण कक्षातर्फे पाठवते. तो जाण्याआधी ड्राफ्ट मागून घ्या आणि नाव एकेक अक्षर बघा, मराठीत आणि इंग्रजीतही. दीपाली असेल तर इंग्रजीत डबल ई की आय हे तिथेच ठरवा, कारण आदेशात जे छापून येईल तेच पुढे सगळीकडे चढतं.

आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं म्हणजे नुसतं आडनाव बदलून भागत नाही. एकट्या आईने दत्तक घेतलं असेल तर मधे आईचं नाव लावा, बिनधास्त लावा.

मूल मोठं असेल, चार-पाच वर्षांचं, तर मला मनापासून वाटतं त्याचं पहिलं नाव राहू द्या. संस्था सुटते, मित्र सुटतात, ताई सुटतात, निदान हाक मारल्यावर वळून बघायला स्वतःचं नाव तरी त्याच्याकडे राहू दे. बदलायचंच असेल तर आधी त्याला विचारा.

आदेश हातात आला की जन्मदाखला. संस्थेतलं मूल असेल तर त्यासाठी अर्ज संस्था करते, आई-वडिलांच्या रकान्यात तुमची नावं येतात. नात्यातलं मूल हिंदू दत्तक कायद्याने (१९५६ चा) घेतलं असेल तर आधी सब-रजिस्ट्रारकडे दत्तकपत्र रजिस्टर करा आणि ते घेऊन जन्मनोंद जिथे झालीय त्या पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत स्वतः जा. हा दाखला नीट करून घ्याच, १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, लायसन्स, मतदारयादी सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच लागणार आहे.

मग आधार, मग पासपोर्ट, याच क्रमाने.

शाळेत जाणारं मूल असेल तर आदेशाची सर्टिफाइड कॉपी आणि नवा दाखला जोडून मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या, जनरल रजिस्टरमधला (शाळेच्या कायमच्या विद्यार्थी-नोंदवहीतला) बदल शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने होतो. मूल त्या शाळेत आहे तोवरच हे उरका, शाळा सोडल्याचा दाखला एकदा जुन्या नावाने निघाला की दुरुस्ती फार जड जाते.