नातवंडांच्या हाती मोठा कॅमेरा देताना

फुल-फ्रेम डीएसएलआरची (प्रकाश टिपणारा सेन्सर मोठा आणि आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याची) नुसती बॉडी पाऊण ते एक किलो भरते. तिच्यावर २४-७० मिमी एफ/२.८ झूम लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं) चढवली की तेवढंच वजन पुन्हा वाढतं. ७०-२०० एफ/२.८ असेल तर एकटी लेन्सच दीड किलोच्या घरात जाते. सहा वर्षांचं मूल साधारण वीस किलोचं असतं. म्हणजे त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढी वस्तू आपण त्याला डोळ्यासमोर उचलून धरायला सांगतो. सत्तर किलोच्या माणसाने सात किलोंचा कॅमेरा तोंडासमोर धरून फोटो काढून पाहावा, म्हणजे मुलाचे हात का थरथरतात ते कळेल.

म्हणून वजन मुलाच्या हातात द्यायचंच नाही. डोळा त्याचा, बोट त्याचं, काय टिपायचं ते ठरवणारही तेच. वजन मात्र ट्रायपॉडने, उशीने किंवा तुमच्या तळहाताने पेलायचं. एवढं पाळलं की महागड्या कॅमेऱ्याची बहुतेक भीती संपते आणि सारखं ‘जपून, जपून’ म्हणावं लागत नाही. ज्या मुलाला दर मिनिटाला जपायला सांगतात, त्याचं लक्ष समोरच्या मांजरावर राहत नाही, आजोबांच्या चेहऱ्यावर राहतं.

वयाचा ढोबळ हिशोब असा. तीन-चार वर्षांच्या मुलाला मांडीवर बसवा, कॅमेरा तुम्ही धरा, बटण त्याला दाबू द्या. पाच ते सात वर्षांच्या मुलासाठी ट्रायपॉड. आठच्या पुढे, हलकी लेन्स लावून आणि जमिनीवर बसूनच, हातात द्यायला हरकत नाही. पण वयापेक्षा मूल कसं आहे ते पाहा. सांगितलेलं ऐकून क्षणभर थांबणारं पाच वर्षांचं मूल धसमुसळ्या नऊ वर्षांच्या मुलापेक्षा कॅमेरा चांगला सांभाळतं.

आधी लेन्स बदला

मोठी झूम लेन्स बाजूला ठेवा आणि ५० मिमी एफ/१.८ लावा. या लेन्स बहुतेक दोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर असतात, आखूड असतात आणि कॅमेऱ्याचा तोल पुढे झुकू देत नाहीत. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३५ मिमी जास्त सोयीची. झूम नसल्यामुळे मूल कंटाळेल असं वाटतं, पण उलटं होतं. रिंग फिरवत बसण्याऐवजी ते स्वतः पुढे-मागे सरकायला लागतं.

लेन्सला हूड (पुढच्या टोकावरचं कडं) लावाच, आणि तो उलटा ठेवू नका, पुढच्या बाजूला फिरवून बसवा. पुढची काच बोटांपासून आणि धक्क्यापासून हूडइतकी दुसरं काही वाचवत नाही. साधा संरक्षक फिल्टरही चालेल. तो ठसे झेलतो, पण धक्का झेलत नाही.

ट्रायपॉड कसा उभा करायचा

पाय पूर्ण फाकवा. उंची हवी तेवढीच घ्या, आणि तीही वरच्या जाड नळ्या उघडून. खालच्या बारीक नळ्या बंदच राहू द्या. मधली दांडी पूर्ण खाली. तीनपैकी एक पाय लेन्सच्या दिशेने ठेवा, म्हणजे पुढे झुकणारं वजन त्या पायावर येतं. मधल्या हुकाला दोन-तीन किलोंची पिशवी अडकवा, मात्र ती जमिनीला जेमतेम टेकलेली असू द्या. लोंबकळती पिशवी झोके खाते आणि ट्रायपॉडलाही हलवते. मूल ताठ उभं राहिलं की कॅमेऱ्याचा स्क्रीन त्याच्या नाकासमोर यायला हवा. टाचा उंचावून बघावं लागलं तर ते हमखास कॅमेऱ्याला लटकतं.

कॅमेऱ्याखालची प्लेट नाण्याने घट्ट आवळा, हेडमध्ये (ट्रायपॉडच्या माथ्यावरच्या पकडीत) बसवा, खटका लागल्याची खात्री करा आणि मग कॅमेरा वर ओढून पाहा. हे ओढून पाहणं कधीही टाळू नका. प्लेट अर्धवट बसलेली असली तरी कॅमेरा नीट उभा दिसतो, आणि मूल पहिल्यांदा वळवतं तेव्हाच निसटतो.

बॉल हेड, म्हणजे गोळ्यावर सगळीकडे फिरणारं हेड, मुलांसाठी वाईट. सैल झालं की कॅमेरा धाडकन एका बाजूला पडतो, कधी मुलाच्या बोटांवरच. दांडीचं पॅन हेड असेल तर ते घ्या: वर-खाली होणारा स्क्रू आवळून टाका, आडवं फिरणं तेवढं मोकळं ठेवा. मुलाला दांडी धरून डावीकडे-उजवीकडे ‘शोधता’ येतं आणि बिघडण्यासारखं काही उरत नाही.

ट्रायपॉड नसेल तर जाड कापडाच्या पिशवीत एक-दीड किलो कोरडं धान्य भरा. पिशवी पाऊणच भरायची, म्हणजे लेन्स तिच्यात रुतून बसते. ती टेबलावर, काठापासून हातभर दूर ठेवा.

पट्टा

घरातल्या कॅमेऱ्याला सगळ्यात मोठा धोका मुलाच्या हातात असताना नसतो. टेबलावर ठेवलेल्या कॅमेऱ्याचा पट्टा काठावरून खाली लोंबत असतो तेव्हा असतो. रांगतं मूलही तो ओढतं, आणि दोन किलोंची वस्तू सरळ डोक्यावर येते. कॅमेरा खाली ठेवताना पट्टा गुंडाळून त्याच्यावरच ठेवायची सवय लावून घ्या. ट्रायपॉडवर असताना पट्टा काढूनच टाका.

मोठं मूल हातात कॅमेरा घेणार असेल तर पट्टा इतका आखूड करा की कॅमेरा पोटावर न लोंबता छातीशी राहील. गळ्यात पट्टा असताना पळणं, जिना चढणं, झोक्यावर बसणं साफ बंद. पट्टा कुठे अडकला तर गळ्याला फास बसतो. लहान मुलाच्या गळ्यात तो घालूच नका. मनगटाचा छोटा पट्टा बरा, आणि त्याहून बरं म्हणजे लांब पट्ट्याचं दुसरं टोक तुमच्या हाताला गुंडाळलेलं.

सेटिंग

शटर प्रायॉरिटीवर (शटरचा वेग तुम्ही ठरवायचा असा मोड) १/२५० सेकंद, ऑटो आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो) आणि त्याची कमाल मर्यादा ६४००. घरात फोटो थोडे दाणेदार येतील, येऊ द्या. मूल बटण दाबताना कॅमेरा हलवतं आणि त्याला आवडणारी प्रत्येक गोष्टही हलणारीच असते: कुत्रा, धाकटी बहीण, चेंडू. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हाताची थरथर सावरतं, धावणाऱ्या कुत्र्याला थांबवत नाही. म्हणून वेग हवा.

फोकस एका बिंदूवर, मधल्या. चेहरा ओळखणारा फोकस असेल तर तो चालू करा. फ्लॅश बंद, कारण मुलं दुसऱ्या मुलाच्या तोंडाशी जाऊन तो उडवतात. बर्स्ट (बोट दाबून ठेवलं की सलग फोटो) नको, एका दाबाला एक फोटो. सेकंदाला १० फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यावर अर्धा मिनिट बोट राहिलं तर तीनशे फोटो होतात, आणि त्यातला एकही मुलाने ‘काढलेला’ नसतो. फाइल जेपेग, आणि कार्ड वेगळं, रिकामं, जुनं १६ जीबीचंही चालेल. तुमचे फोटो असलेलं कार्ड आत ठेवून कॅमेरा देऊ नका. मेन्यूत भटकत गेलेलं बोट फॉरमॅटपर्यंत, म्हणजे कार्ड पुसून टाकणाऱ्या पर्यायापर्यंत, पोचतं. कार्ड नसतानाही शटर चालू देणारी सोय बंद करा, नाहीतर मूल अर्धा तास मनापासून फोटो काढेल आणि हाती काहीच लागणार नाही.

हे सगळं एकदाच लावून कस्टम मोडमध्ये साठवा. कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांवर सी१, निकॉनवर यू१, सोनीवर १ असा आकडा मोडच्या चाकावर दिसतो. चाक तिथे नेऊन वर कागदी टेपचा तुकडा चिकटवा. व्ह्यूफाइंडरजवळच्या (डोळा लावून पाहायच्या खिडकीजवळच्या) डायॉप्टरच्या, म्हणजे ती नजरेला जुळवायच्या बारीक चाकावरही एक तुकडा लावा. मुलांचं बोट तिथे नक्की जातं.

बटण दाबायला शिकवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. शटरच्या बटणाला दोन थांबे असतात. पहिल्या थांब्यावर फोकस होतो, दुसऱ्यावर फोटो निघतो. मुलं बोट उंच उचलून बटणावर ठोसा मारतात, उजवी बाजू खाली दबते आणि फोटो तिरका व हललेला येतो. यावर एकच इलाज: बोट बटणावरून उचलायचंच नाही.

मुलाचं बोट अलगद धरून बटणावर टेकवा. टोक नाही, पेराचा मऊ भाग. मग सांगा, ‘हळू दाब… टीट वाजलं? आता तसंच थांब. आता अजून थोडंसं.’ फोकसचा आवाज म्हणूनच चालू ठेवायचा. कार्ड रिकामंच आहे, हेच दहा-बारा वेळा भिंतीवरच्या घड्याळावर करू द्या. एकदा तो मधला थांबा बोटाला सापडला की मूल तो विसरत नाही.

हात लहान असल्यामुळे ग्रिप पकडून बटणापर्यंत बोट पोचत नाही. ट्रायपॉडवर पकडायची गरजच नाही. हात वरून आणू द्या. स्क्रीनला बोट लावून फोटो काढायची सोय असेल तर पाच वर्षांच्या मुलाला तीच सगळ्यात सोपी. व्ह्यूफाइंडरचा हट्ट धरू नका. बऱ्याच लहान मुलांना एक डोळा मिटता येत नाही; ती दोन्ही डोळे मिटतात किंवा दोन्ही उघडे ठेवून गोंधळतात. हवंच असेल तर दुसऱ्या डोळ्यावर तुम्ही तळहात धरा. जुन्या डीएसएलआरवर स्क्रीनमधून फोकस सावकाश होतो, तेव्हा स्थिर वस्तू निवडा.

‘आजोबा, कॅमेरा बिघडला!’

बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. मूल फुलाला लेन्स टेकवायला जातं. ५० मिमी लेन्सला साधारण ३५ ते ४५ सेंटिमीटरच्या आत फोकसच होत नाही, आणि फोकस झाल्याशिवाय कॅमेरा शटर सोडत नाही. त्यासाठी ट्रायपॉडला अर्ध्या मीटरचा दोरा बांधा. दोरा सरळ ताणला आणि वस्तू त्याच्या टोकाच्या अलीकडे असली तर मागे सरकायचं. मुलांना हे मोजणं फार आवडतं, आणि ‘अंतर’ म्हणजे काय ते न सांगता कळतं. दोऱ्याशी खेळ सुरू झाला की तो सोडवून बाजूला ठेवा.

एका बैठकीला दहा-पंधरा मिनिटं आणि बारा फोटो पुरेत. काम नेमकं द्या: फक्त गोल वस्तू, किंवा फक्त सावल्या, किंवा मुलाच्या उंचीवरून दिसणारे सगळ्यांचे गुडघे. डोकी कापलेले फोटो दुरुस्त करायला जाऊ नका.

ज्यात तडजोड नाही

सूर्याकडे कॅमेरा वळवायचा नाही, मावळताना सुद्धा नाही. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून, विशेषतः लांब लेन्सने, सूर्य पाहिला तर डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते आणि त्या क्षणी दुखतही नाही. मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) डोळा वाचतो, पण सेन्सर किंवा शटर जळू शकतं. सूर्य पाठीशी येईल असाच ट्रायपॉड लावा.

बिनतारी रिमोटमध्ये बरेचदा सीआर२०३२ सारखा बटण-सेल असतो, २० मिलिमीटर व्यासाचा. तो गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच आतून भाजायला सुरुवात होते. लहान मूल असलेल्या घरात तारेचा रिमोट वापरा. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायला न लावता तडक रुग्णालय गाठा. मायक्रोएसडी कार्ड आणि बॅगेतल्या सिलिका जेलच्या पुड्याही आवरून ठेवा.

लेन्स बदलणं मुलासमोर नको. शटरचे पडदे अतिशय पातळ असतात. कुतूहलाने लावलेल्या एका बोटाने ते वाकतात.

ठसा उमटला, कॅमेरा पडला

काचेवरचा ठसा सदऱ्याच्या टोकाने पुसू नका. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मायक्रोफायबर कापडावर लेन्सच्या द्रवाचा थेंब घेऊन मधून बाहेर गोल गोल पुसा. द्रव काचेवर टाकू नका, कडेने आत उतरतो. डीएसएलआरच्या आतल्या आरशावर बोट लागलं तर फक्त ब्लोअर. डाग गेला नाही तरी फोटोत दिसत नाही.

कॅमेरा पडलाच तर आधी मुलाचे पाय आणि हात पाहा, मग कॅमेरा. बंद करून बॅटरी काढा, हलकेच हलवून आत काही खुळखुळतं का ऐका, माउंट (बॉडीवर लेन्स बसते ते कडं) आणि लेन्समध्ये फट दिसते का पाहा. सगळं ठीक वाटलं तर भिंतीला वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवून, ट्रायपॉडवरून, लेन्सच्या सर्वात मोठ्या छिद्रावर (सर्वात लहान एफ-आकड्यावर) एक फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून बघा. एकच बाजू धूसर असेल तर लेन्सचे भिंग किंवा माउंट सरकलंय, दुरुस्तीला द्या.

संध्याकाळी आवरताना दोन्ही टेप काढा, चाक तुमच्या मोडवर आणा, डायॉप्टर स्वतःच्या डोळ्याला जुळवून घ्या आणि मुलाचं कार्ड काढून वेगळ्या डबीत ठेवा. डबीवर त्याचं नाव लिहा. त्या बारापैकी कुठले तीन छापायचे ते त्यालाच निवडू द्या. ४×६ इंचाचे पुरेत.